नडीचा पैसा: जर्मनीची लोखंडी, चिनीमातीची आणि लाख कोटींची नाणी

माझ्याकडे जर्मनीतल्या बॉन शहराने १९२० साली काढलेलं एक लोखंडी नाणं आहे. त्यावर बीथोव्हनचा चेहरा आहे, कारण बॉन हे त्याचं जन्मगाव आणि ते वर्ष त्याच्या जन्माचं दीडशेवं. मुंबईच्या पावसाळ्यात लोखंडी नाणं सांभाळायचं म्हणजे रोजची काळजी. जून लागला की सिलिका जेलची पुडी बदलायची, उचलायचं ते फक्त कडेने धरून. तरी गणपतीपर्यंत बीथोव्हनच्या केसांत कुठेतरी तांबूस ठिपका दिसतोच.

कुणालाही हे नाणं दाखवलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. “म्हणजे ढकलगाडीभर नोटा नेऊन पाव आणायचे, तेव्हाचं का हे?” ढकलगाडीचं ते चित्र शाळेपासून डोक्यात बसलेलं असतं. पण जर्मनीतली ती महागाई १९२२-२३ची. माझं नाणं त्याआधीचं, आणि त्यावरची किंमत फेनिगमध्ये आहे. फेनिग म्हणजे मार्काचा शंभरावा भाग, आपल्या रुपयातला पैसा. ज्या महागाईत नोटेवरची शून्यं मोजताना दमछाक होत होती, त्या महागाईचं हे नाणं असूच शकत नाही.

तरीही दोन्ही गोष्टींचं नातं आहे, आणि ते उलगडलं की पैसा म्हणजे नेमकं काय हेही थोडं उलगडतं.

आधी शब्द. अशा पैशाला जर्मन भाषेत ‘नोटगेल्ट’ म्हणतात. गेल्ट म्हणजे पैसा. त्यातला ‘नोट’ हा मात्र आपल्या कागदी नोटेतला नव्हे. जर्मनमध्ये त्याचा अर्थ नड, अडचण, निकड. म्हणून मी त्याला नडीचा पैसा म्हणतो. देशाचं अधिकृत चलन अपुरं पडलं की शहरं, जिल्हे, कारखाने, ट्राम कंपन्या, इतकंच काय युद्धकैद्यांच्या छावण्यासुद्धा आपापला पैसा काढत. तो कागदावर निघाला, रेशमावर निघाला, चामड्यावर निघाला. मी इथे बोलणार आहे ते मुख्यतः नाण्यांबद्दल, कारण नाण्यांची गोष्ट नोटांपेक्षा वेगळी आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही.

१९१४च्या उन्हाळ्यापर्यंत जर्मन मार्क सोन्याला बांधलेला होता. २० मार्कांचं नाणं जेमतेम आठ ग्रॅमचं, त्यात ९० टक्के सोनं. एका डॉलरला ४.२० मार्क पडत. हा ४.२० आकडा लक्षात ठेवा, तो शेवटी पुन्हा भेटणार आहे. ऑगस्ट १९१४मध्ये महायुद्ध सुरू झालं आणि सरकारने नोटेच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं.

आता तुमच्या हातात एक नोट आहे आणि एक सोन्याचं नाणं. दुकानात दोन्ही सारखेच चालतात. तुम्ही काय द्याल? नोटच द्याल, आणि सोनं घरात जपून ठेवाल. तुमचा शेजारीही तेच करेल. महिन्याभरात बाजारात सोनं औषधालाही उरणार नाही, आणि त्यासाठी कुणी कट करायची गरज नाही. वाईट पैसा चांगल्या पैशाला बाजारातून हुसकावून लावतो तो असा. सोन्यामागोमाग चांदी गेली. तांबं आणि निकेल तर सरकारलाच युद्धसामग्रीसाठी हवं होतं, त्यामुळे पाच आणि दहा फेनिगची जुनी नाणी गोळा होऊ लागली आणि त्यांच्या जागी लोखंडाची, पुढे जस्ताची नाणी आली. एक फेनिग तर ॲल्युमिनियमचा झाला. पण सरकारी टांकसाळी मागणीला पुरेनात.

मोठ्या रकमांसाठी नोटा होत्या. अडलं ते सुट्ट्यांसाठी. ट्रामच्या कंडक्टरकडे मोड नाही, पाववाल्याकडे नाही, कारखान्याच्या उपाहारगृहात नाही. सुट्टे नसले की आपल्याकडे दुकानदार हातात चॉकलेट टेकवतो. एक-दोन रुपयांसाठी आपण ते खपवून घेतो, पण दिवसभराचा प्रत्येक व्यवहार असा झाला तर गाव ठप्प होईल. जर्मन नगरपालिकांनी मग स्वतःच नाणी पाडून घ्यायला सुरुवात केली. १९१६-१७पासून अशा नाण्यांचा अक्षरशः पूर आला.

कायद्याने नाणं पाडायचा हक्क फक्त राष्ट्राचा होता. म्हणून अनेक शहरांनी आपल्या नाण्याला नाणं म्हटलंच नाही. त्यावर लिहिलं ‘क्लाइनगेल्ट-एर्झाट्समार्के’, म्हणजे सुट्ट्या पैशांऐवजी द्यायचा बिल्ला. काहींनी ‘क्रीग्सगेल्ट’ लिहिलं, म्हणजे युद्धाचा पैसा. वरच्या सरकारने काणाडोळा केला, कारण करणार काय? पुष्कळ बिल्ले अष्टकोनी केलेले दिसतात. हाताला लागताच हे सरकारी नाणं नव्हे, आपल्या गावचं आहे, हे कळतं.

अशी नाणी जस्त, लोखंड आणि ॲल्युमिनियमचीच का, हे समजलं की बाकीचं सोपं आहे. कुठल्याही नाण्याला दोन किमती असतात. एक त्यावर लिहिलेली, म्हणजे दर्शनी. दुसरी वितळवल्यावर मिळणाऱ्या धातूची. दर्शनी किंमत वरचढ असेल तोवर नाणं फिरतं. धातूची किंमत वर गेली की ते फिरायचं थांबतं, लोक ते साठवतात किंवा भट्टीत घालतात. म्हणून नडीच्या काळात नाणं अशा वस्तूचं करावं लागतं की ते चोरून, साठवून, वितळवून काहीच फायदा होऊ नये. लोखंड गंजतं, म्हणून त्यावर जस्ताचा पातळ थर देत. माझ्या बीथोव्हनवरचा थर शंभर वर्षांत विरळ झालाय, एवढंच.

नाणं जितकं कमअस्सल, तितका ते चालण्यासाठी विश्वास जास्त लागतो. तो विश्वास बर्लिनवर नव्हता, तो स्वतःच्या नगरपालिकेवर होता. पाववाला तो अष्टकोनी जस्ताचा तुकडा घ्यायचा, कारण त्याला माहीत होतं की पाणीपट्टी भरताना नगरपालिका तोच तुकडा परत घेईल. शहरालाही यात फायदा होता. नाणं लोकांच्या खिशात फिरतंय तोवर ते शहराने घेतलेलं बिनव्याजी कर्जच. आणि जे नाणं कधी परत आलंच नाही, कुणाच्या खणात राहिलं, ते कर्ज फेडावंच लागलं नाही.

हे शहरांच्या लवकरच लक्षात आलं. १९२० आणि २१मध्ये सुट्ट्यांची चणचण हटली नव्हती, पण नवं वेड आलं होतं, संग्राहकांचं. नाणी आणि चित्रमय नोटा जमवणारे लोक गावोगाव झाले, तशी गावंही देखणं काम करू लागली. बीथोव्हन नाण्यावर आला तो याच काळात. बीलेफेल्ड शहराच्या बचत बँकेने रेशमावर नोटा छापल्या. न्युर्नबेर्ग-फ्युर्थ ट्रामचे २० फेनिगचे ॲल्युमिनियमचे बिल्ले तर इतक्या वेगवेगळ्या चित्रांत निघाले की आजही त्यांचा पूर्ण संच जमवणं हा काहींचा छंद आहे. व्यापाऱ्यांनी आणखी एक युक्ती काढली. टपालाचं तिकीट गोल धातूच्या डबीत बसवायचं, समोर पारदर्शक झाकण, मागे दुकानाची जाहिरात. तिकिटाची किंमत सरकारने ठरवलेलीच असते, त्यामुळे वेगळी हमी द्यायला नको.

या सगळ्यांत मला सर्वांत मोह पडतो तो सॅक्सनी राज्याच्या नाण्यांचा. ती धातूची नाहीतच. ती माइसनच्या जगप्रसिद्ध चिनीमातीच्या कारखान्यात भाजलेली आहेत. पांढऱ्या पोर्सलेनचीही आहेत, पण खरी ओळख तांबूस तपकिरी दगडी मातीच्या नाण्यांची. २० फेनिगपासून २० मार्कांपर्यंतची ही नाणी १९२० आणि २१ साली निघाली. नक्षी पाउल ब्योर्नर या कलाकाराची, आणि कारखान्याची खूण असलेल्या तिरक्या तलवारी त्यावर आहेत. टेबलावर टाकलं तर धातूसारखा खणखणीत नाद येतो. हाताला मात्र गुळगुळीत, थंड, जवळपास नदीतल्या गोट्यासारखं लागतं.

त्या तपकिरी मातीमागे एक गोष्ट आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला योहान फ्रीडरिश ब्योट्गर नावाचा एक किमयागार तरुण आपण साध्या धातूचं सोनं करू शकतो असं सांगत फिरायचा. सॅक्सनीच्या ऑगस्टस राजाला पैशांची कायमच चणचण. त्याने ब्योट्गरला पकडून आणलं आणि सोनं करून दाखव म्हणून कोंडून ठेवलं. सोनं काही झालं नाही. पण भट्ट्या, तापमान आणि माती यांच्या प्रयोगांतून आधी ही कणखर तांबूस माती मिळाली आणि मग युरोपातलं पहिलं अस्सल कठीण पोर्सलेन. १७१० साली माइसनचा कारखाना उभा राहिला. दोनशे वर्षांनी सॅक्सनीच्या तिजोरीत सोनं उरलं नाही, तेव्हा त्याच ब्योट्गरच्या मातीचा पैसा करावा लागला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पान उलटवलं नव्हतं.

नडीचा पैसा म्हणून चिनीमाती तशी चोख होती. वितळवून काही हाती लागत नाही, गंजत नाही, आणि माइसनसारखं भाजणं कुणा खोटं नाणं पाडणाऱ्याला जमणं अवघड. पण ती खिशात टिचू शकते, आणि भट्टीत आक्रसते, त्यामुळे प्रत्येक नगाचं माप काटेकोर एक राहत नाही. प्रत्यक्षात त्यांतली बरीच नाणी बाजारात फिरण्याऐवजी संग्राहकांच्या पेट्यांत गेली. त्यांच्यासाठी सोनेरी कडा रंगवलेले नगही काढले होते.

जुलै १९२२मध्ये कायदा करून ही स्थानिक नाणी-नोटांची हौस बंद करण्यात आली. पण त्याच सुमाराला मार्काची घसरण कडेलोटापाशी आली होती.

कारणं थोडक्यात. सरकारने महायुद्धाचा खर्च करांतून न भागवता कर्ज काढून भागवला होता. त्यावर १९२१मध्ये युद्ध हरलेल्या जर्मनीकडे १३२ अब्ज सोन्याच्या मार्कांची युद्धभरपाई मागितली गेली. तूट भरून काढायला सरकार हुंड्या काढायचं, आणि राइशबँक, म्हणजे तिथली मध्यवर्ती बँक, त्या घेऊन नोटा छापायची. जून १९२२मध्ये परराष्ट्रमंत्री वाल्टर राटेनाउ यांची हत्या झाली आणि उरलासुरला विश्वास गेला. जानेवारी १९२३मध्ये फ्रान्स आणि बेल्जियमच्या सैन्याने रूर हा कोळसा-पोलादाचा प्रदेश ताब्यात घेतला. तिथल्या कामगारांनी असहकार पुकारला, आणि घरी बसलेल्या त्या लाखो लोकांचा पगार सरकार नोटा छापून देऊ लागलं. काम नाही, माल नाही, नोटा मात्र ओसंडून.

डॉलरचा सरासरी भाव जानेवारी १९२३मध्ये १७,९७२ मार्क होता. जुलैत ३,५३,४१२. ऑगस्टमध्ये ४६ लाखांवर. सप्टेंबरात ९ कोटी ८८ लाख. ऑक्टोबरात सुमारे २,५२६ कोटी. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात ४ लाख २० हजार कोटी.

आता या वेगाच्या शर्यतीत नाणं उतरवून बघा. नाण्याचं चित्र काढायचं, त्याचा साचा करायचा, पोलादी ठसा कोरायचा, तो तापवून कडक करायचा, धातूच्या पट्ट्या लाटायच्या, त्यांतून चकत्या पाडायच्या, मग त्यांवर ठसा मारायचा. यात काही आठवडे जातात. त्या आठवड्यांत नाण्यावरच्या आकड्याचा अर्थच निघून जातो. नोटेचं तसं नाही. राइशबँकेकडे १,००० मार्कांच्या छापून ठेवलेल्या नोटा होत्या. त्यांवर लाल शाईत आडवं ‘एक मिलियार्ड’ छापलं की त्या शंभर कोटींच्या झाल्या. नाण्यावर असा शिक्का मारून शून्यं वाढवता येत नाहीत. महागाईच्या काळातल्या नाण्यांपेक्षा नोटाच आपल्याला जास्त भेटतात, त्याचं खरं कारण हे आहे.

सरकारने तरी प्रयत्न केला. १९२३मध्ये २०० आणि ५०० मार्कांची ॲल्युमिनियमची नाणी निघाली. गरुड, आणि ‘एकता, न्याय आणि स्वातंत्र्य’ हे शब्द. ५०० मार्कांचं नाणं पावणेदोन ग्रॅमच्या आतबाहेर. जानेवारीच्या भावाने त्याची किंमत जेमतेम तीन सेंट झाली असती. शरद ऋतू येईपर्यंत एका डॉलरसाठी ती नाणी कोटींनी मोजावी लागली असती. किलोभर वजन व्हायला सुमारे ६०० नाणी लागतात, म्हणजे दर्शनी किंमत ३ लाख मार्क. नोव्हेंबरात बर्लिनमध्ये एक पाव सुमारे २०,००० कोटी मार्कांना होता. म्हणजे भंगारवाल्याला दिलेलं ॲल्युमिनियम नाण्यावरच्या आकड्यापेक्षा कैक पटींनी मोलाचं. ज्या हलक्या धातूला ‘कुणी वितळवणार नाही’ म्हणून निवडलं, तोही दर्शनी किमतीच्या वर निघून गेला होता.

महागाईची खरी, भल्यामोठ्या आकड्यांची नाणी पाहायची असतील तर वेस्टफालेन प्रांताकडे जावं लागतं. तिथल्या प्रांतिक बँकेने १९२१पासून नाण्यांची मालिका काढली होती. सुरुवात फेनिग आणि साध्या मार्कांपासून, मग ५००, १०,०००, मग अडीच लाख, मग पाच कोटी. एका बाजूला उधळलेला घोडा, ती त्या प्रांताची खूण. दुसऱ्या बाजूला बारॉन फोम श्टाइन यांचा चेहरा. नेपोलियनकडून प्रशिया या जर्मन राज्याचा पराभव झाल्यावर ज्या मंत्र्याने भूदासांच्या मुक्तीचा आदेश काढला आणि १८०८मध्ये शहरांना स्वतःचा कारभार स्वतः चालवायचा हक्क दिला, तो हा माणूस. नाण्यावर त्यांना ‘कठीण काळातला नेता’ म्हटलं आहे. शहरांनी आपापल्या जबाबदारीवर पैसा काढायच्या काळात त्यांची आठवण व्हावी, हे मला अगदी योग्य वाटतं.

पाच कोटींचं नाणं घ्या. सप्टेंबरच्या सरासरी भावाने ते अर्ध्या डॉलरचं. ऑक्टोबरच्या भावाने एका सेंटच्या पाचव्या हिश्श्याचं. तेच नाणं, तोच घोडा.

आणि मग या मालिकेचं टोक. १९२३ साल कोरलेलं, सहा सेंटिमीटर व्यासाचं, तळहात भरणारं नाणं, त्यावर ‘१ बिलियोन मार्क’. इथे जरा सावध. इंग्रजीतला बिलियन म्हणजे शंभर कोटी, पण जर्मन बिलियोन म्हणजे एकावर बारा शून्यं, म्हणजे एक लाख कोटी. आपल्या जुन्या उजळणीत यासाठी नेमका शब्द आहे. कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म. लहानपणी आजोबांकडून घोकलेला महापद्म प्रत्यक्ष नाण्यावर लिहिलेला दिसेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मात्र हे नाणं पाव आणायला कुणी वापरलं नाही. ते आठवण म्हणून विकलं गेलं. ज्यातून आपण गेलो ते पुढच्या पिढीला हातात धरून दाखवता यावं म्हणून.

चालणारं नाणं परत आणायचं तर आकडा मोठा करून भागणार नव्हतं, आकड्याला स्थिर वस्तूशी बांधावं लागणार होतं. हे हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनी केलं. बंदराचं शहर, परदेशी चलनाशी रोजचा संबंध, आणि जुनी परंपराही होती. १६१९मध्ये स्थापन झालेल्या हॅम्बुर्ग बँकेने अडीचशे वर्षं ‘मार्क बँको’ हे फक्त खतावणीतलं, चांदीवर आधारलेलं स्थिर चलन चालवलं होतं. १९२३च्या शरद ऋतूत ‘१९२३ची हॅम्बुर्ग बँक’ उभी राहिली आणि तिने सोन्याच्या मार्कात मोजलेला पैसा काढला. त्यातले सुट्टे ॲल्युमिनियमचेच होते, पण त्यांवर लिहिलं होतं ५/१०० आणि १/१० ‘फेररेश्नुंग्समार्के’, म्हणजे हिशेबाचा मार्क. कोटी नाही, लाख नाही, अपूर्णांक! आज लिहिलेला आकडा उद्याही तोच राहणार असेल तरच छोटा आकडा लिहायची हिंमत होते. या सगळ्या वर्षांतलं सर्वांत धीट नाणं कुठलं असं मला विचाराल, तर मी हॅम्बुर्गचा हा हलकासा बिल्ला दाखवेन.

१५ नोव्हेंबर १९२३ला नवा रेंटेनमार्क आला. त्यामागे सोनं नव्हतं, शेतजमीन आणि उद्योगांवरचा गहाणहक्क होता. महत्त्वाचं म्हणजे तो किती काढायचा याला मर्यादा होती, आणि त्याच दिवसापासून राइशबँकेने सरकारच्या हुंड्यांवर नोटा छापणं बंद केलं. गावोगावचा नडीचा पैसाही बँक त्याच महिन्यात नाकारू लागली. एका रेंटेनमार्कला एक लाख कोटी जुने मार्क, आणि डॉलर पुन्हा ४.२०.

रेंटेनमार्काबरोबर सुट्टी नाणीही आली. सर्वांत लहान होतं एक रेंटेनफेनिग, कांस्याचं, आपल्या जुन्या दोन पैशांएवढं असेल-नसेल, त्यावर धान्याची पेंढी. माझ्याकडे एक आहे. त्याला सिलिका जेल लागत नाही. दहा-बारा महिन्यांपूर्वीच्या बाजारात लोक ज्या जुन्या मार्कांत मोजत होते, त्यांच्या हिशेबाने ते चिमुकलं नाणं एक खर्व मार्कांचं होतं, आणि ट्रामचा कंडक्टर ते मोड म्हणून परत देत होता.